छत्तीस वजा चार

३ ऑगस्ट

व्याहीबुवांना नमस्कार,

परवा फोनवर आपण बराच वेळ बोललात. माझा डावा कान गेल्या वर्षापासून संपावर आहे आणि मी नेमका तोच लावून बसलो होतो, हे आपण फोन ठेवल्यावर लक्षात आलं. ‘इंजिन’ आणि ‘हट्ट’ एवढे दोनच शब्द पोचले. म्हणून हे पत्र. यापुढे लिहूनच बोलू, म्हणजे कोण काय म्हणालं यावर वाद नको.

लेकीने आपल्याला माझ्या पाठीमागे गळ घातली आहे, हे मला कळलं आहे. तेव्हा सगळं स्पष्टच सांगतो. मार्चमध्ये मी न्हाणीघरात पडलो आणि शेजारी येईपर्यंत तीन तास तसाच होतो. तेव्हापासून मी एकटं राहायचं नाही, असा ठराव लेक आणि जावईबापूंनी मंजूर केला आहे. घर विकलं. एकतीस जानेवारीला ताबा द्यायचा आहे. आपण राहता त्याच गल्लीत माझ्यासाठी दोन खोल्या घेतल्या आहेत. मी होकार दिला, पण एका अटीवर. शेडमधली गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर पडेल तेव्हाच मी बाहेर पडेन. दोरीने ओढत नाही, ट्रकवर चढवून नाही.

गाडी आपण लग्नाच्या वेळी पाहिली आहे. दोघांची, उघडी, लांब नाकाची, एके काळी लाल. कंपनी बंद पडून जमाना झाला. बावीस वर्षांपूर्वी इंजिनाला तडा गेला, म्हणून ते उतरवून दुरुस्तीला दिलं. त्या दुरुस्तीवाल्याने दुकान गुंडाळलं आणि त्याच्याबरोबर माझं इंजिनही गेलं. तेव्हापासून पुढची जागा रिकामी आहे.

आपण सामानाच्या व्हॅनचं डिझेल इंजिन सुचवल्याचं लेक म्हणाली. ते नको. मी चाळीस वर्षं लोकांचे दात बसवले आहेत. शेजारच्या दातांना परका वाटेल असा दात मी कोणाच्या तोंडात ठेवला नाही. इंजिन पेट्रोलचं हवं, जुन्या वळणाचं हवं आणि आवाज भरदार हवा. आवाजाबद्दल सोबतच्या दोन पानांवर सविस्तर लिहिलं आहे.

आपला,
व्याही


१४ ऑगस्ट

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र आणि आवाजाची दोन पानं मिळाली. माझे डोळे तुम्हाला ठाऊक आहेतच. मागच्या पडद्याचं दुखणं, लायसन्स गेलं, आता लांबचा प्रवासही डॉक्टरांनी दोन-तीन महिने बंद केला आहे. तुमची पत्रं सूनबाई वाचून दाखवते. आवाजाची पानं तिने दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा मला वाटलं की माझी थट्टा चालली आहे. डावा कान बंद असलेला माणूस इंजिनाने कोणत्या पट्टीत गुरगुरावं हे लिहून कळवतो.

बस डेपोच्या इंजिन विभागात मी चौतीस वर्षं काढली. एका दिवसात तीन इंजिनं उतरवून चढवली आहेत. एकाही बसने मला आपली आवडनिवड सांगितली नाही.

डिझेल नको, बरं. अपघातात सापडलेल्या एका नव्या गाडीचं पेट्रोल इंजिन आहे, जेमतेम दोन वर्षं चाललेलं. त्याच्याबरोबर कॉम्प्युटरचा डबा येतो. तुम्ही नाक मुरडणार हे मी लिहितानाच पाहतो आहे. दुसरं, इथलं एक ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं, त्यांच्या जुन्या गाडीचं चार सिलिंडरचं. शिकाऊ लोकांचा मार खाऊनही शाबूत आहे. साधं, डबाबिबा काही नाही.

राहता राहिलं माझं. तुमच्याच कंपनीची मोठी गाडी माझ्या दारात उभी आहे. मुलगा आणि सूनबाई लग्नानंतर तिच्यातूनच घरी आली. सहा सिलिंडर, तुमच्या मूळ इंजिनाच्याच घराण्यातलं. हवं तर ते घ्या. मुलाचा बाप म्हणून तोंडदेखलं म्हणत नाही. अर्थात तुम्हाला संकोच वाटणार, हे मी जाणून आहे, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही.

जे काही ठरेल त्याला माप लागेल. रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो तिथपासून ड्रायव्हरच्या पायांपुढच्या पत्र्यापर्यंत आत लांबी किती, ते कळवा. एवढं एकच माप. त्यावर निबंध नको.

तुमचा,
व्याही


२९ ऑगस्ट

व्याहीबुवांना नमस्कार,

संकोच मी केला, पूर्ण एक दिवस केला. दुसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, आपण इतक्या मनमोकळेपणाने देता आहात तर नाही म्हणून आपला अवमान कशाला करायचा. तेव्हा आपलं सहा सिलिंडरचं इंजिन मी आनंदाने स्वीकारतो. हीसुद्धा म्हणाली असती की असे व्याही मिळायला भाग्य लागतं.

कॉम्प्युटरच्या डब्याबद्दल आपला अंदाज बरोबर होता. शिकाऊ लोकांचं इंजिन मात्र मला पटत नाही. ज्याने जन्मभर फक्त पहिला गिअर पाहिला, त्याला या लांब नाकाखाली कोंबणं म्हणजे दोघांवर अन्याय आहे.

माप घेतलं. छत्तीस इंच. घरात मोजायची एकच वस्तू उरली आहे, हिची शिवणाची टेप. बाकी सगळं लेकीने येऊन खोक्यांत भरलं आणि खोक्यांवर काय आहे ते न लिहिता गेली. काल चष्मा शोधताना मला एका खोक्यात कवळ्यांचे जुने साचे आणि गाळणी एकत्र मिळाली. माझी दवाखान्याची खुर्ची अजून पुढच्या खोलीत आहे. ती कोणी नेत नाही. मी तिच्यात बसूनच हे लिहितो आहे.

इंजिन कधी निघेल ते कळवावं.

आपला,
व्याही


६ सप्टेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

सूनबाई पत्र वाचताना ‘हिची टेप’ इथे थांबली. आधी हसली, मग पदराला डोळे पुसले, मग मला सगळं समजावलं. त्या टेपचं पुढचं टोक कापलेलं आहे. शून्याच्या जागी चार आहे. तुमच्या घरात सगळे मोजून झाल्यावर चार कमी करतात. आई गेल्यापासून बाबांचं लक्ष ठिकाणावर नसतं, ते विसरले असणार, असं ती म्हणाली.

तेव्हा छत्तीस वजा चार, बत्तीस. माझं इंजिन पंखा धरून चौतीस भरतं. दोन इंचांनी हुकलं. फार म्हणजे फार वाईट वाटलं. तुमच्या लांब नाकाच्या बाईला माझं इंजिन शोभलं असतं. पण दोन इंच कुठून आणायचे.

उगाच वेळ घालवायला नको म्हणून त्याच दुपारी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याकडे जाऊन चार सिलिंडरचं पक्कं करून आलो. तुम्हाला पटत नाही हे समजलं. न पटता घ्या. इंजिन ज्यावर बसेल ती लोखंडी चौकट माझा डेपोतला जुना वेल्डर करून देईल, मापं मी सांगतो. बत्तीस इंची चौकट, पुढे दोन बोल्ट, मागे दोन बोल्ट, विषय संपला.

तुमचा,
व्याही

ता. क. विहिणीकडून नमस्कार. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी घुसवते. आमचे हे ‘फार म्हणजे फार वाईट वाटलं’ म्हणतात, ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शीळ घालत होते. तुमचं ‘आनंदाने स्वीकारतो’ ऐकलं तेव्हा मात्र, सूनबाई टेपच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत, यांचा चेहरा अगदी उतरला होता. दर रविवारी सकाळी हे त्या गाडीत बसतात, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, डोळे मिटून ऐकतात आणि बंद करून आत येतात. गाडी जागची हलत नाही. मी काही म्हणत नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.


२५ सप्टेंबर

व्याहीबुवांना नमस्कार,

आपण बत्तीस म्हणता तर बत्तीस. आपण या विषयातले जाणकार. चार सिलिंडरचं तर चार सिलिंडरचं. चौकट करून घ्यावी, माझी काही हरकत नाही.

विहीणबाईंना नमस्कार सांगावा. त्यांचा मजकूर मिळाला.

एवढंच की इंजिन पाठवण्यापूर्वी त्याला हिरवा रंग द्यावा. पोपटी नको, बाटलीचा असतो तो हिरवा. मूळ इंजिन तसं होतं. त्यावरच्या झाकणाला मात्र रंग नको, ते नुसतं घासून चकचकीत करावं. पंख्याची पाती काळी. तारा जमल्यास कापडी आवरणाच्या मिळतात का पाहावं, रबरी तारा अंगावर येतात.

लेक पुन्हा येऊन गेली. शेड आवरायला घेतली होती. गाडीच्या डाव्या सीटवरची उशी आणि बटणांचा डबा तिने खोक्यात घातला, तो मी बाहेर काढून परत सीटवर ठेवला. त्यावरून थोडी बोलाचाली झाली. तिने आपल्याकडे तक्रार केलीच असेल.

आपला,
व्याही


२० ऑक्टोबर

व्याहीबुवा, नमस्कार.

बाटलीचा हिरवा म्हणजे कोणत्या बाटलीचा, यावर रंगाच्या दुकानात माझा अर्धा तास गेला. दुकानदाराने मला औषधाची, सरबताची आणि रॉकेलची अशा तीन बाटल्या दाखवल्या. मी डोळे गेलेला माणूस, मला तिन्ही काळ्या दिसल्या. शेवटी विहिणीला बोलावून आणलं. तिने बोट ठेवलं तो दिला आहे. कापडी तारा मिळाल्या नाहीत आणि मी शोधल्याही नाहीत.

इंजिन आणि चौकट सोमवारी ट्रकने निघतील. इंजिन मी इथे टेबलावर बांधून अर्धा तास चालवून पाहिलं. ठणठणीत आहे. चौकट बत्तीसला बत्तीस आहे, एक सूतही इकडे-तिकडे नाही. तुमच्याकडच्या गॅरेजवाल्याला म्हणावं, आधी चौकट बसव, मग इंजिन उतरव. उलट केलं तर मला सांगू नका.

एक गोष्ट मला खटकते आहे. तीन महिने तुम्ही प्रत्येक स्क्रूवर हुज्जत घातलीत. लांबीचं माप मात्र एका ओळीत मान्य. तब्येत बरी आहे ना?

तुमचा,
व्याही


१२ नोव्हेंबर

व्याहीबुवांना नमस्कार,

सामान सुखरूप पोचलं. हिरवा रंग अगदी हवा तसा आहे, विहीणबाईंना तसं आवर्जून सांगावं.

चौकट बसली नाही. मागचे बोल्ट लागले, पण पुढची पट्टी चौकटीपासून चार इंच लांब राहिली. गॅरेजवाल्याने दोनदा काढून घातली. मग तो गाडीच्या चाकावर बसला आणि हसायला लागला. म्हणाला, ही चौकट ज्या गाडीची आहे ती गाडी आणा. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

आता हे सगळं पुन्हा करायचं तर जानेवारी कसा गाठणार, असा प्रश्न आहे. आपण आपल्याकडून शिकस्त केलीत, आपल्याला बोल लावता येणार नाही. काही गोष्टी होणार नसतात, आपण त्यांच्यामागे लागू नये असं मला आताशा वाटतं. घराच्या नव्या मालकांना व्यवहार तूर्त थांबवू असं कळवावं, या विचारात आहे. तब्येतीची आपण चौकशी केलीत. ती उत्तम आहे. कालपासून भूकही चांगली लागते.

आपला,
व्याही


१७ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

नमस्कार मागाहून.

चार इंच. बरोबर चार, तीन नाही, पाच नाही. म्हणजे जागा छत्तीसच आहे. म्हणजे तुम्ही मोजताना चाळीस वाचलंत, चार कमी केलेत आणि मला छत्तीस कळवलंत. मग सूनबाईने तेच चार पुन्हा कमी केले आणि मी ते लिहून पाठवलं. माझं सहा सप्टेंबरचं पत्र तुम्ही वाचलंत. त्यात सगळा हिशोब उलगडून लिहिला होता. ते वाचून तुम्हाला एका ओळीत लिहिता आलं नाही, की बाबा रे, ते चार मी आधीच काढले आहेत? त्याऐवजी तुम्ही मला बाटलीचा हिरवा कळवलात. मी दुकानात बाटल्या पाहत फिरलो.

आणि जानेवारी गाठणार नाही म्हणजे काय? चौकटीला चार इंचांचा तुकडा जोडायला वेल्डरला एक दुपार लागते. तुमच्या गॅरेजवाल्यालाही ते कळतं, हसणं संपल्यावर त्याने तुम्हाला ते सांगितलंही असणार. एका दुपारच्या कामासाठी विकलेलं घर परत घ्यायला निघालात. मार्चमध्ये तीन तास पडून होतात, ते सूनबाई अजून झोपेत बोलते. मला फिरवलंत ते जाऊ द्या, मी डेपोत याहून पोचलेले लोक पाहिलेत. पण पोरीला का फिरवता?

उत्तर लिहा. आणि या वेळी खरं लिहा.

व्याही


२४ नोव्हेंबर

व्याहीबुवांना नमस्कार,

हे पत्र लेकीकडून वाचून घेऊ नये, ही विनंती.

आपण लिहिलंत ते सगळं खरं आहे. गॅरेजवालाही तेच म्हणाला होता, एका दुपारचं काम. मी ते आपल्याला कळवलं नाही.

त्या टेपमधले चार इंच मी विसरणं शक्य नाही. बावीस वर्षांपूर्वी इंजिन उतरवलं तेव्हा रिकाम्या जागेचं माप घ्यायला मी हिची टेप न विचारता नेली. टोकाला काळं तेल लागलं. हिच्याकडे गिऱ्हाइकांचे पांढरे कपडे असायचे. ती ओरडली नाही. कात्री घेतली, काळं झालेलं टोक कापलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “आता कधीही मोजशील तेव्हा चार कमी कर. म्हणजे विचारून घ्यायची आठवण राहील.”

त्या शेडच्या छपराला दोन काचेची कौलं आहेत. घरात सगळ्यांत चांगला उजेड तिथे येतो. ही काजं करायला, बटणं लावायला गाडीच्या डाव्या सीटवर बसायची. दवाखाना बंद करून मी आलो की उजव्या सीटवर बसायचो. इंजिन नसलेल्या गाडीत आम्ही रोज तासभर बसत होतो. ही म्हणायची, फिरायला जाऊन आलो. मी दर वर्षी म्हणायचो, यंदा इंजिन बसवतो आणि खरंच नेतो. खरं तर तिला आणि मला दोघांनाही घाई नव्हती, कारण तो तास आम्हाला पुरत होता. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मी अजून तिथे बसतो, त्याच वेळेला.

अट मी घातली, कारण ती पुरी होणार नाही अशी मला खात्री होती. अशा गाडीला इंजिन मिळत नाही, हे मला बावीस वर्षांत कळून चुकलं होतं. मग आपण आपलं देऊ केलंत आणि मला पेच पडला. आनंदाने स्वीकारतो असं लिहिलं, पण ते खरं नव्हतं. पंधरवड्याच्या आत आपलं बत्तीस इंचांचं पत्र आलं. चूक मला त्याच क्षणी दिसली. मी पेन घेतलं, ‘बत्तीस नव्हे’ इतकं लिहिलं आणि तो कागद फाडून टाकला. चौकट चुकीची येईल, पाठवापाठवी होईल, जानेवारी निघून जाईल, असा विचार केला. शिवाय विहीणबाईंच्या चार ओळी वाचून मनाला समजावलं की माझ्या गप्प राहण्याने आपलं इंजिनही वाचतं आहे. सोयीचं होतं ते.

मला तिथे यायची भीती वाटते. दोन खोल्यांत मी संध्याकाळी कुठे बसू, ते मला कळत नाही.

लेकीची क्षमा मी स्वतः मागेन. आपली इथे मागतो.

आपला,
व्याही


४ डिसेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र भिंग घेऊन स्वतः वाचलं. दीड तास लागला. विहिणीने काय आहे विचारलं, मी पान हाताने झाकलं. सूनबाईला एवढंच सांगितलं की माप चुकलं, आता दुरुस्त होतंय.

आता माझं ऐका. मागच्या पत्रात मी बराच आरडाओरडा केला. करायला मी लायक नव्हतो.

तुमच्या गाडीचं मूळ इंजिन सहा सिलिंडरचं होतं. तेहतीस इंच. मला हे पाठ आहे, त्या कंपनीची इंजिनं मी डोळे चांगले होते तेव्हा उघडून पाहिली आहेत. तेहतीस इंचांचं इंजिन जिथे वर्षानुवर्षं नांदलं तिथे बत्तीस इंच जागा कशी असेल, हा प्रश्न डेपोत पहिल्या दिवशी आलेल्यालाही पडला असता. मला पडला. सूनबाई ‘बत्तीस’ म्हणाली त्याच वेळी पडला. तुम्हाला एक ओळ लिहून पुन्हा मोजायला सांगायचं, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. उठलो, चप्पल घातली आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्याकडे गेलो.

तुम्ही नाही म्हणाल या हिशोबाने मी देऊ केलं होतं. तुम्ही हो म्हणालात आणि मी अडकलो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालू करून दिल्या. ही एकच स्वतःची. रस्ता दिसत नाही म्हणून चालवता येत नाही, पण ऐकू येतं. रविवारची ती दहा मिनिटं कोणाला द्यायला जीव होत नव्हता. तुमची टेप देवासारखी धावून आली आणि मी तिच्याआड लपलो. बिचारी सूनबाई, दोन म्हाताऱ्यांना एकदम सूट देऊन बसली आणि अजून तिला वाटतं की बाबाच विसरले होते.

तेव्हा तुम्ही माझी क्षमा मागू नका. फिट्टंफाट झाली.

इंजिन काल उतरवलं. डेपोतले दोघे जुने सोबती आले होते. बॉनेटखाली नुसतं भोक दिसतं, मी तिकडे बघत नाही. ‘देऊ केलं होतं’ हे आता तोंडदेखलं नाही, ते फळीवर बांधून तयार आहे. ते तुमच्या गाडीच्या मूळ बोल्टांवरच बसेल, चौकट किंवा वेल्डिंग लागणार नाही. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. पंधरा तारखेला ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून मी स्वतः येतो. बरोबर पोलादी टेप आणतो. तुमची मोजायला लागणार नाही, पण एकदा हातात घेऊन बघेन म्हणतो.

संध्याकाळी कुठे बसायचं विचारलंत. त्या दोन खोल्यांच्या मागे पत्र्याची शेड आहे. सूनबाईने तुम्हाला सांगितलं नाही, कारण तिला ती अडगळ वाटते. गाडी मावेल. मी पावलांनी मोजली आहे, दोनदा. छपरात काचेचं कौल नाही. ते बसवता येतं.

तुमचा,
व्याही


२६ जानेवारी

व्याहीबुवा,

इतके दिवस ‘आपण’ लिहीत होतो. ज्याच्याबरोबर पाच दिवस एका गाडीखाली पडून राहिलो, त्याला आता ते म्हणवत नाही. तुम्ही चालवून घ्या.

तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी चालू करतो. तुम्ही म्हणालात तशी थंडीत आधी खोकते, मग लागते. पहिल्या दिवशी मी डाव्या सीटवरची उशी धरून नुसता बसून राहिलो. आवाज मला अर्धाच ऐकू येतो, पण सीटमधून अंगात येतो तो पुरा येतो. ही तिथे इतकी वर्षं बसली आणि हे तिला एकदाही मिळालं नाही, याचं फार वाईट वाटलं. मी मोठ्याने रडलो. इंजिन चालू होतं म्हणून शेजाऱ्यांना कळलं नाही. मग बंद केलं आणि व्यवहार पक्का आहे असं नव्या मालकांना कळवून टाकलं.

लेकीला सगळं सांगितलं, टेपचंही. ती आधी माझ्यावर चिडली, मग तुमच्यावर, मग स्वतःवर. तुमच्याशी दोन दिवस बोलणार नाही असं म्हणाली आहे. तयारीत राहा.

एकतीसला सकाळी निघतो. दवाखान्याची खुर्ची शेवटी गॅरेजवाला घेऊन गेला, गिऱ्हाइकांना बसायला. गाडीत डावीकडे उशी, बटणांचा डबा आणि दोन काचेची कौलं. नव्या मालकांना विचारून काढली, त्यांना तिथे पक्कं छत घालायचं आहे. कौलं उतरवली की दुसऱ्या रविवारपासून ती सीट तुमची. मला रस्ता दिसतो, तुम्हाला इंजिन ऐकू येतं. दोघांत मिळून एक धड ड्रायव्हर होतो. विहीणबाईंना सांगा, गाडी या वेळी जागची हलेल.

आता कामाचं. हिरवं चार सिलिंडरचं इंजिन चौकटीसकट ट्रकने आजच पुढे पाठवलं आहे. तुमच्या दारातली गाडी रिकामी ठेवून मला त्या गल्लीत राहता येणार नाही. आवाज तितका भरदार नाही हे मान्य, पण रविवारी दहा मिनिटं ऐकायला काहीतरी हवं. शिकाऊंचा मार खाल्लेलं आहे, आपल्या दोघांनाही सहन करेल.

चौकट तुमच्या गाडीत बसते का ते बघायला माप लागेल. पाकिटात हिची टेप घातली आहे. मी पोचेपर्यंत मोजून ठेवा. काही खटकलं तर बोला, मीही बोलेन.

चार कमी करा. एकदाच.

तुमचा,
व्याही